अंगठ्यावरून तिसरं बोट

"कोर्स पूर्ण झाला," डॉक्टर गंधे म्हणाले आणि त्यांनी लेकीचं प्रगतिपुस्तक माझ्या पियानोच्या झाकणावर ठेवलं.

मी तेव्हा पियानोच्या पोटात हात घालून पाण्याची वाटी बदलत होते. नगरचा उन्हाळा भल्याभल्या लाकडाला तडे पाडतो, म्हणून आत पाणी ठेवावं लागतं. हात ओला, पदर खोचलेला, आणि समोर हा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस सांगतोय, कोर्स पूर्ण झाला. मला वाटलं, आईच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल बोलतोय. आमच्या गल्लीतले निम्मे लोक त्यांच्याकडूनच औषध घ्यायचे, आम्हीसुद्धा.

"कसला कोर्स, डॉक्टर?"

"पियानोचा. बघा ना, मागच्या वर्षी गणितात अडतीस. यंदा चौऱ्याऐंशी." त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "गुण आला. आता थांबवू या. गरज नसताना औषध चालू ठेवू नये, या मताचा आहे मी."

चैत्राली दारात उभी होती. दहा वर्षांची, नुकतीच सहावीत गेलेली, दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती पियानोकडे बघत होती आणि तिच्या उजव्या हाताची बोटं फ्रॉकवर चालली होती. बारावं पान. मला दिसत होतं ना. पिवळ्या पुस्तकातल्या बाराव्या पानावरची चाल आम्ही अर्धी केली होती, आणि तिची बोटं त्या अर्ध्यावर येऊन थांबत होती, परत मागे जात होती.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकते. मला रागवायला निमित्त लागत नाही. आई म्हणायची, एस्तेर जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली. माझे वडील चर्चची गायनमंडळी चालवायचे. मिशनच्या मडम मायदेशी परत गेल्या तेव्हा त्यांनी हा पियानो वडिलांना दिला, वडिलांनी मला. बाकी घरातून काही मिळालं नाही. एक पियानो आणि एक तोंड, एवढाच माझा वारसा.

"डॉक्टर," मी ओला हात पदराला पुसत म्हटलं, "हा पियानो आहे. खोकल्याची बाटली नाही, संपली की फेकून द्यायला."

"तसं नाही, साळवेबाई..."

"मग कसं? वर्षभर ही पोरगी आठवड्यातून दोनदा इथं येते. पाऊस असो, ताप असो. आजवर तीसेक मुलं शिकवली असतील मी. त्यातली अठ्ठावीस घड्याळाकडे बघत वाजवतात. हिला मी सांगते, बाई, आता जा घरी, दिवे लागले! आणि तुम्ही म्हणता गुण आला, थांबवा?"

"एस्तेर, आवाज!" आतून आई ओरडली.

डॉक्टर चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत, हाच तर वैताग. त्यांनी शांतपणे खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चार घड्या घातलेला एक गुलाबी कागद काढला आणि प्रगतिपुस्तकाशेजारी उलगडला.

"तुमचंच आहे," ते म्हणाले. "मी विश्वास ठेवला."

पियानो शिका! मुलांचे गणित सुधारते, एकाग्रता वाढते, अक्षर वळणदार होते, हट्टीपणा कमी होतो. आजच भेटा : एस्तेर शांतवन साळवे.

माझंच होतं. दोन वर्षांपूर्वी शिकवणीला मोजून दोन पोरं उरली होती, तेव्हा मी हे छापून घेतलं आणि पेपरवाल्याकडून घरोघरी पेपरात घालून पाठवलं. गणित आणि एकाग्रता कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं होतं. अक्षर आणि हट्टीपणा मी माझ्या मनानं घातलं. आयांना काय आवडतं ते काय मला कळत नव्हतं?

मी तोंड उघडेपर्यंत डॉक्टरांनी कागदाच्या परत चार घड्या केल्या, "आभारी आहे, फार चांगलं औषध आहे तुमचं," म्हणाले आणि लेकीचा हात धरून गेलेसुद्धा. चैत्रालीनं जाता जाता पियानोच्या कडेवरून बोटं फिरवली.

"खोटं छापलंस ना," आई बाहेर येऊन म्हणाली. "आता भोग."

मी ती वाटी मोरीत आपटली.

तो सगळा पावसाळा मी माझ्या शिकवणीतल्या पोरांवर राग काढला. बिचाऱ्यांचा काय दोष? पण सोमवारी आणि गुरुवारी, तिच्या शिकवणीच्या वेळेला, पाच वाजले की माझं डोकं फिरायचं. बाजारात एकदा चैत्राली तिच्या आईबरोबर दिसली. मी हाक मारली, तर तिनं आईच्या हातातल्या पिशवीवर पाच बोटं ठेवली आणि मला काहीतरी वाजवून दाखवलं. आईनं तिचा हात खाली केला, "नीट उभी राहा गं," म्हणाली. मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात डॉक्टरांची स्कूटर परत दारात लागली. पुढे डॉक्टर, मागे चैत्राली. या वेळी शर्टाची इस्त्री मोडलेली होती.

"उलटलं," ते खुर्चीत बसत म्हणाले.

"काय उलटलं?"

"गणित. सहामाहीत शंभरपैकी दोन." त्यांनी दोन बोटं वर केली. "दोन, साळवेबाई. चूक माझी आहे. औषध लवकर बंद केलं मी. पेशंटला बरं वाटायला लागलं की घरचे औषध थांबवतात, मग रोग दुप्पट जोरानं येतो. रोज लोकांना बजावतो आणि स्वतःच्या घरी तेच केलं. आजपासून परत सुरू करा. आठवड्यातून तीनदा."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतका झाला की मी आत आईला ओरडून सांगितलं, चहा टाक, डॉक्टर आलेत! आठवड्यातून तीनदा! बारावं पान पुरं होणार होतं. चैत्राली पियानोच्या स्टुलाला हात लावून उभी होती, बसायची परवानगी मिळायची वाट बघत, आणि तिचा चेहरा फुलला होता.

"बघा तरी काय लिहिलंय," डॉक्टरांनी उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली. "सही करून शाळेत परत द्यायचीय. मला वाटतं, मेंदूचं काही आहे का ते दाखवून घ्यावं. एकही उत्तर पटण्यासारखं नाही."

मी उत्तरपत्रिका उघडली. पानभर लाल फुल्या. कुठंही रीत नाही, कच्चं काम नाही. नुसते आकडे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक दोन तीन एक. दुसऱ्याचं दोन तीन चार पाच. तिसऱ्याचं पाच तीन एक. मी पान उलटलं. पुन्हा तेच. सहा नव्हता, सात नव्हता, आठ नाही, नऊ नाही, शून्यसुद्धा नाही. सबंध गणिताच्या पेपरात पाचाच्या वर एक आकडा नव्हता.

मी परत पहिल्या प्रश्नावर गेले आणि आकड्यांवरून बोटं चालवली.

पियानो शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी बोटांचे नंबर शिकवते. अंगठा एक, करंगळी पाच. मग पुस्तकातल्या सुरांच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं आकडे लिहून देते, कुठला सूर कुठल्या बोटानं ते. आमची पोरं मराठी शाळेतली, म्हणून देवनागरीत. माझ्या हातात होतं ते बारावं पान होतं. पहिल्या ओळीपासून आम्ही सोडलं तिथपर्यंत, बोटाला बोट लावून लिहिलेलं. चौथ्या प्रश्नात तर मला चूकसुद्धा सापडली. ५४३२१३. तिथं अंगठ्यावरून चौथं बोट टाकायचं असतं, हिनं तिसरं लिहिलेलं. वर्षभर घसा फोडून सांगितलं तरी!

एक उत्तर मात्र चुकून बरोबर निघालं होतं. तेच ते दोन मार्क.

मी वर पाहिलं. चैत्राली माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं की मला वाचता येतंय. सगळ्या नगरात ते आम्हा दोघींनाच वाचता येत होतं. तिनं हळूच मान हलवली. नको टीचर, काही बोलू नका.

आणि मला संताप आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. त्या माणसाचा, जो लेकीच्या मेंदूचे फोटो काढायला निघाला होता पण ज्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्या पोरीचा, जिनं पियानोसाठी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. आज सहामाही, उद्या वार्षिक. जोवर गणितात पडेल तोवर पियानो, चढली की बंद. म्हणजे तिनं इथं बसून हसत वाजवायचं आणि शाळेत जाऊन मुकाट पडायचं, आणि मी तिच्याशेजारी बसून ते चालू द्यायचं. हा नियम कोणी केला होता? गुलाबी कागदावर कोणी छापला होता?

विचार करून बोलणारी बाई असते तर मी त्या दिवशी डॉक्टरांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. मग पोरीला जवळ बसवून समजावलं असतं. पण तोंडाला कुलूप हवं ना.

"सतरा सक?" मी खाडकन विचारलं.

"एकशे दोन," चैत्राली म्हणाली.

पाढाच तो. तोंडातून निघून गेला. तिनं लगेच दोन्ही हात तोंडावर दाबले.

डॉक्टर सावकाश तिच्याकडे वळले. "एकोणीस अठ्ठे?"

तिनं तोंडावरचे हात काढले नाहीत.

"चैतू. एकोणीस अठ्ठे?"

"मला येत नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

डॉक्टर उठले. मी पहिल्यांदाच त्या माणसाला रागावलेलं बघत होते. मान, कान, सगळं लाल झालं. "म्हणजे मुद्दाम? अगं, मी रात्र रात्र पुस्तकं चाळतोय, तुला कुठला आजार झाला म्हणून! आणि तू मुद्दाम?" त्यांचा हात वर गेला.

"हात खाली!" मी मध्ये गेले. "माझ्या घरात लेकरावर हात उचलायचा नाही. मारायचंय ना? मला मारा. ते पत्रक मी छापलंय."

"पत्रकाचा काय संबंध?"

"सगळं खोटं आहे त्यात! एकूण एक ओळ खोटी! मासिकातून उचललं, उरलं ते मनानं घातलं. माझं स्वतःचं अक्षर बघितलंय का तुम्ही? कोंबडीचे पाय. हट्टीपणा कमी होतो म्हणे! मला विचारा, माझ्या आईला विचारा!"

"ते खरं आहे," आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"चौऱ्याऐंशी तिनं मिळवले, डॉक्टर. पियानोनं नाही. आणि ते दोनसुद्धा तिनंच मिळवले. तुम्ही तिला सांगितलंत, गणित कच्चं तर पियानो, पक्कं तर बंद. मग तिनं काय करायचं होतं? तीच एक किल्ली तुम्ही तिच्या हातात दिलीत."

डॉक्टरांचा हात खाली आला. मग त्यांनी अगदी कळकळीनं विचारलं. खवचटपणा नव्हता त्यात, म्हणून तर आणखी डोक्यात गेलं. "मग पियानोचा फायदा काय?"

"काही नाही!" मी ओरडले. "काहीएक नाही!"

त्यांनी लेकीचं मनगट धरलं. "चल," म्हणाले. चहा तसाच राहिला, उत्तरपत्रिका झाकणावर राहिली.

उंबऱ्यावर चैत्रालीनं हात सोडवून घेतला आणि मागे वळली. मला वाटलं रडेल. रडत नव्हती. दात आवळलेले होते.

"तुम्ही का विचारलंत, टीचर? मी झाले असते नापास. मला चाललं असतं."

मग स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या दिवशी मी उरलेली गुलाबी पत्रकं बंबात घातली. आईनं त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं आणि म्हणाली, "चला, हा एक फायदा झाला." तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. उत्तरपत्रिका न्यायला कोणी आलं नाही. मी ती स्टुलाच्या पोटात ठेवली, जिथं मी पुस्तकं ठेवते. गंध्यांच्या दवाखान्यात जाणं बंद केलं. आईच्या गोळ्या आणायला दुसऱ्या डॉक्टरकडे, दोन मैल चालत. दिवस गेले तसा राग कमी व्हायला हवा होता. पण तो माझ्यावरच येऊन बसला, आणि तिथून काही उठेना.

नाताळ गेला. संक्रांत गेली. फेब्रुवारीतला गुरुवार, पाचचा सुमार. दारात स्कूटर थांबली.

चैत्राली एकटी आत आली. चपला काढल्या, नेहमीसारख्या जोडीनं भिंतीला लावल्या, आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी तुमच्याशी बोलणार नाहीये. फक्त शिकायला आलेय."

"बरं," मी म्हटलं. "बाबांनी पाठवलं?"

"हे बोलणं नाहीये, नुसतं सांगणं आहे. बाबा रोज विचारायचे, फायदा नाही तर कशाला जायचंय? मी रोज म्हणायचे, जायचंय. ते म्हणायचे, पण कशाला? मी म्हणायचे, जायचंय. काल म्हणाले, जा बाई."

"आणि गणित?"

"चाचणीत ब्याण्णव," ती अशी म्हणाली, जसं काही मी काहीतरी घाणेरडं विचारलंय.

मी खिडकीतून बघितलं. डॉक्टर रस्त्यापलीकडे स्कूटरवर बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

"त्याला आत बोलाव," आई म्हणाली. "चहा टाकते."

"मी नाही बोलवणार."

"नको बोलवू," आई म्हणाली, आणि दहा मिनिटांनी स्वतःच कप घेऊन रस्ता ओलांडून गेली.

चैत्रालीनं पिवळं पुस्तक उघडलं. आठ महिने पियानोला हात नव्हता, तरी पोरीनं बारावं पान सुरू केलं ते न अडखळता. जेवायच्या टेबलावर, पिशवीवर, फ्रॉकवर, कुठं कुठं वाजवलं असेल कोण जाणे. आवाज मात्र दणदणीत. एकेक सूर माझ्या डोक्यात खिळा ठोकावा तसा ठोकत होती. ठोक, म्हटलं, माझीच लायकी आहे. आणि चौथ्या ओळीत करंगळीपासून उतरत आली, अंगठ्यावर पोचली आणि अंगठ्यावरून टाकलं तिसरं बोट.

"चौथं," मी म्हटलं.

तिनं परत वाजवलं. तिसरं.

"चैत्राली, चौथं बोट."

परत तिसरं.

मी लाल पेन्सिल झाकणावर आपटली. "कितीदा सांगायचं? चौथं! पुस्तकात लिहिलंय ना मी? माझ्या वडिलांनी मला तसं शिकवलं, मडमनी वडिलांना तसं शिकवलं..."

"माझा हात बघा ना, टीचर!" ती ओरडली. न बोलण्याचं विसरलीच. तिनं पंजा माझ्या नाकासमोर धरला. "बघा केवढा आहे! चौथं टाकलं की मनगट वाकडं होतं आणि मधला सूर तुटतो. तिसऱ्यानं नाही तुटत. मी शंभरदा करून बघितलंय. पेपरातसुद्धा मी तिसरंच लिहिलं होतं. ती चूक नव्हती!"

पंजा खरंच एवढासा होता. मडमचा हात मी पाहिलाय, भाकरी थापावी एवढा रुंद. वडिलांचाही तसाच. माझाही.

"वाजव परत," मी म्हटलं. "तुझं तिसरं."

तिनं वाजवलं. मी डोळे मिटून ऐकलं. सूर तुटला नाही.

मी तिला स्टुलावरून उठवलं, फळी उचलली आणि आतून ती उत्तरपत्रिका काढली. चौथा प्रश्न शोधला. ५४३२१३, आणि त्यावर गणिताच्या बाईंची फुली. लाल पेन्सिल घेतली, त्या फुलीशेजारी बरोबरची खूण केली आणि समासात एक मार्क दिला.

"शंभरपैकी तीन," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, ती खूण नीट बघितली आणि परत माझ्यापुढे धरला.

"बाकीचेपण तपासा," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसून बारावं पान पहिल्यापासून वाजवायला लागली.